खुलाशाच्या आधी

२००३ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या खरेदीच्या दिवसांत, मुंबईतल्या काही ग्राहकांना कॅडबरीच्या डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने माल जप्त केला आणि वृत्तवाहिन्यांनी त्या अळ्या घराघरांत पोचवल्या. कंपनीचे म्हणणे असे की, कारखान्यात अळी शिरणे शक्य नाही; दुकानात साठवण नीट झाली नसावी. प्रशासनाचे उत्तर सरळ होते. वेष्टण हवाबंद नसेल तर तो दोषही उत्पादकाचाच. दुकानदाराकडे बोट दाखवण्याचा फायदा काही झाला नाही. त्या सणात विक्री सुमारे ३० टक्क्यांनी घसरली.

मग कंपनीचा सूर बदलला. ‘प्रोजेक्ट विश्वास’ या नावाने दुकानदारांकडची साठवण तपासण्याची आणि त्यांना ती शिकवण्याची मोहीम निघाली. टीव्हीवरच्या जाहिराती काही आठवडे थांबल्या आणि वर्तमानपत्रांत वेगवेगळ्या भाषांतून निवेदने आली. जानेवारी २००४ मध्ये वडीचे वेष्टणच बदलले. ॲल्युमिनियमची पन्नी आता उष्णतेने चिकटवलेली होती आणि तिच्यावर बंद प्लास्टिकचे आवरण होते. त्यासाठी परदेशातून यंत्रे आणावी लागली, वेष्टणाचा खर्च १० ते १५ टक्क्यांनी वाढला, पण वडीची किंमत कंपनीने वाढवली नाही. हे सगळे झाल्यावर अमिताभ बच्चन कारखान्यात फिरून आल्याची जाहिरात झळकली. लोकांच्या लक्षात बच्चन राहिले. वेष्टण बहुतेकांच्या लक्षातून गेले, आणि खरे काम तर वेष्टणाने केले होते.

जनसंपर्काच्या क्षेत्राची ओळख करून देताना या प्रकरणापासून सुरुवात करायची ती एवढ्यासाठी, की या व्यवसायाबद्दलचे बहुतेक गैरसमज त्यात एकाच ठिकाणी सापडतात. अडचणीत आलेल्या संस्थेसाठी गोड शब्दांत चार ओळी लिहून देणारा, पत्रकारांना चहा-सामोसे देणारा, साहेबांचा फोटो पहिल्या पानावर यावा म्हणून धडपडणारा माणूस म्हणजे पीआरओ, अशी एक प्रतिमा आहे. तिच्यात तथ्य अजिबात नाही असे नाही, सामोसे असतातच. पण ‘दुकानदाराची चूक’ हे उत्तर बाहेर कोणी ऐकून घेत नाही आणि यंत्रे बदलल्याशिवाय सुटका नाही, हे मालकांच्या खोलीत जाऊन सांगणारा कोणीतरी लागतो. संस्थेचे बाहेर सांगणे हा या कामाचा अर्धा भाग. बाहेरचे आत सांगणे हा दुसरा, आणि तो जास्त अवघड. बाहेरचा माणूस फार तर रागावतो. आतला बदली करतो.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात चौकाचौकांत ‘जनसंपर्क कार्यालय’ अशी पाटी असते. आत नगरसेवक क्वचित भेटतो, पण एक कार्यकर्ता वहीत लिहून घेत बसलेला असतो: अमक्या गल्लीत पाणी येत नाही, तमक्या कोपऱ्यावरचा दिवा गेला. जनसंपर्काची पदविका त्याच्याकडे नसते. पण मोठमोठ्या कंपन्यांच्या काचेच्या इमारतींत या विषयावर जी सादरीकरणे होतात, त्यांतला निम्मा मजकूर या वहीत आधीच असतो.

या विषयावरची पाठ्यपुस्तके नारदमुनींपासून सुरू होतात, सम्राट अशोकाच्या शिलालेखांवरून घसरत येतात आणि मराठी असतील तर सार्वजनिक गणेशोत्सवावर एक परिच्छेद खर्च करून आधुनिक काळात शिरतात. ते सगळे सोडून थेट १९०६ सालच्या अमेरिकेत गेले तरी चालेल. आयव्ही ली हा एका धर्मोपदेशकाचा मुलगा, आधी वार्ताहर. त्या काळी अपघात झाला की तो दडपायचा, वार्ताहरांना रुळांपासून दूर ठेवायचे, ही रेल्वे कंपन्यांची रीत होती. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अटलांटिक सिटीजवळ एक गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि पन्नासहून जास्त माणसे गेली. पेनसिल्व्हेनिया रेलरोड ही लीची अशील कंपनी. त्याने घडलेल्या घटनेचे निवेदन कंपनीच्याच नावाने काढायला लावले आणि वार्ताहरांना घटनास्थळी नेण्याची सोय करवली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते निवेदन जसेच्या तसे छापले. आज ज्याला प्रेसनोट म्हणतात तिचा पहिला ठळक नमुना म्हणून त्याच कागदाचे नाव घेतात. त्याच वर्षी लीने आपल्या कामाची तत्त्वे जाहीर केली होती. आपले काम उघड्यावर चालते, ही जाहिरात नव्हे, आणि वार्ताहराला काही पडताळायचे असेल तर मदत मिळेल, असा त्यांचा आशय.

तत्त्वे चांगली होती. पण १९१४ मध्ये कोलोरॅडोतल्या लडलो येथे संपावर गेलेल्या खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला, त्यात बायकामुले मेली, आणि खाणीची मालकी असलेल्या रॉकफेलर घराण्याने लीला बोलावले. त्याने काढलेल्या पत्रकांत संपाच्या नेत्यांच्या मानधनाचे फुगवलेले, चुकीचे आकडे होते. अप्टन सिंक्लेअर या लेखकाने त्याला ‘पॉयझन आयव्ही’ हे नाव दिले आणि ते चिकटले ते कायमचे. एकाच माणसाच्या हातून आठ वर्षांच्या आत या व्यवसायाचे उत्तम आणि हीन असे दोन्ही नमुने घडले, ही गोष्ट नव्याने येणाऱ्याने ध्यानात ठेवलेली बरी.

लीनंतरचे मोठे नाव एडवर्ड बर्नेज, सिग्मंड फ्रॉइडचा भाचा. १९२९ च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या रस्त्यावर काही तरुणींनी मिरवणुकीत सिगारेटी पेटवल्या. सिगारेट म्हणजे स्वातंत्र्याची मशाल, अशी त्या प्रसंगाची हाकाटी झाली. मागे अमेरिकन टोबॅको कंपनीचा पैसा आणि बर्नेजचे डोके होते. वर्तमानपत्रांनी ती बातमी म्हणून छापली, जाहिरात म्हणून नव्हे. युक्तीची सगळी ताकद तिथेच होती. जनसंपर्काच्या वर्गात ही गोष्ट अजूनही कौतुकाने सांगितली जाते. ती कौतुकाने सांगायची की धोक्याची सूचना म्हणून, यावरून शिकवणाऱ्याची पारख होते.

भारतात हे काम प्रथम सरकारने संघटित केले. आजच्या पत्र सूचना कार्यालयाचे मूळ १९१९ मध्ये सिमल्याला गृहखात्याखाली सुरू झालेल्या एका छोट्या कक्षात आहे. उद्योगांत टाटा समूहाने १९४३ मध्ये मुंबईत स्वतंत्र जनसंपर्क विभाग काढला. १९५८ मध्ये ‘पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन झाली, आणि १९६८ च्या २१ एप्रिलला दिल्लीतल्या पहिल्या राष्ट्रीय परिषदेत तिने आचारसंहिता स्वीकारली. तो दिवस आता राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळतात. तरीही १९९१ पर्यंत खासगी क्षेत्रातला पीआरओ बहुधा कारखान्याच्या फाटकाजवळच्या खोलीत बसून पाहुण्यांची व्यवस्था, गृहपत्रिका आणि स्थानिक वार्ताहर सांभाळत असे. अर्थव्यवस्था खुली झाली, परदेशी कंपन्या आल्या, शेअर बाजारात सामान्य माणसाचा पैसा आला, व्यापारी बातम्यांची पाने वाढली, आणि नव्वदच्या दशकात मुंबई-दिल्लीत जनसंपर्क संस्था उभ्या राहिल्या. महिन्याच्या ठरावीक मानधनावर एकेका संस्थेकडे अनेक अशील कंपन्या, आणि एकेका तरुण कर्मचाऱ्याच्या माथी त्यांतल्या तीन-चार, असा तो संसार आजही आहे.

या नोकरीतला दिवस कात्रणांनी उजाडतो. पूर्वी कात्री, गोंद आणि फायली असत. आता पीडीएफ आणि व्हॉट्सॲप आहे. पण साहेब गाडीत बसायच्या आत आज कुठल्या पेपरात काय आले हे त्यांच्या हातात पडले पाहिजे, हा नियम तोच आहे. आपल्याबद्दल काय छापून आले, प्रतिस्पर्ध्याबद्दल काय आले, आणि आपले नाव यायला हवे होते तिथे का आले नाही. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सकाळी आठ वाजता द्यावे लागते. मग प्रेसनोटचा मसुदा, त्यावर विपणन विभागाच्या दुरुस्त्या, त्यावर कायदा विभागाच्या दुरुस्त्या. शेवटी जे उरते त्यात बातमी शोधावी लागते. दुपारी वार्ताहरांना फोन. ‘मेल मिळाली का?’ हा प्रश्न वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत सर्वांत नावडता असेल. तो विचारणाऱ्या मुलीला हे ठाऊक असते. तिच्या वरिष्ठाने फोन करायलाच सांगितलेले असते.

मराठी वृत्तपत्रांशी व्यवहार हा वेगळाच धडा आहे. मुंबईतल्या पुष्कळ संस्था प्रेसनोट इंग्रजीत लिहितात आणि मराठी प्रत ही नंतरची कटकट समजतात. कुणाकडून तरी घाईने ओढून आणलेला तो मजकूर उपसंपादकाच्या टेबलावर येतो तेव्हा त्यात ‘आम्ही घोषणा करताना रोमांचित आहोत’ असला काहीतरी प्रकार असतो. उपसंपादक कपाळाला हात लावतो आणि पुढच्या मेलकडे वळतो. फॉन्टचाही त्रास आहे. पाने लावण्याची काही ठिकाणची व्यवस्था वर्षानुवर्षे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांवर चालली. युनिकोडमधला मजकूर तिथे चिकटवला की जोडाक्षरांचा चुरा होतो. जिल्हा आवृत्तीला सातारचा तपशील हवा असतो, मुंबईचा नव्हे. फोटोत कोण कुठे उभे आहे ते डावीकडून क्रमाने हवे असते. आणि पान संध्याकाळी लवकर सुटते. ज्याला हे माहीत आहे त्याची प्रेसनोट छापून येते. पाचतारांकित हॉटेलातल्या ओळखींनी ती जिल्ह्याच्या पानावर येत नाही.

सरकारी बाजूचा माणूस यात पुष्कळदा सरस ठरतो. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचा जिल्हा माहिती अधिकारी म्हणजे मंत्र्याच्या दौऱ्यापासून पीक विम्याच्या मुदतीपर्यंत सगळ्याचे वृत्त लिहिणारा, पत्रकारांच्या अधिस्वीकृतीची कामे पाहणारा, निवडणुकीत माध्यमांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीच्या कामात अडकलेला, आणि पूर आला की जिल्हाधिकाऱ्यांच्या मागे वही घेऊन धावणारा माणूस. महासंचालनालयाचे ‘लोकराज्य’ मासिक स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी आवडीने वाचतात. लोकांना सरकारी वृत्त कंटाळवाणे वाटते, आणि ते असतेही. पण ‘अर्ज करण्याची अंतिम तारीख’ हे चार शब्द ठळक छापून आले म्हणून ज्याचा अर्ज वेळेत गेला, त्याला शैलीशी कर्तव्य नसते.

मुंबईत या व्यवसायाची रोजची परीक्षा रेल्वे घेते. मध्य रेल्वेचे मुख्य जनसंपर्क अधिकारी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, पश्चिम रेल्वेचे चर्चगेटला. मध्य रेल्वे रविवारच्या दुरुस्तीला मेगाब्लॉक म्हणते, पश्चिम रेल्वे जम्बो ब्लॉक. कुठल्या स्थानकापासून कुठपर्यंत, अप की डाउन, धिमा की जलद मार्ग, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि त्या वेळेत गाड्या कुठे थांबणार नाहीत: एवढी माहिती मराठी, हिंदी आणि इंग्रजीत अशी बसवायची की डोंबिवलीच्या फलाटावर उभ्या माणसाला ती एका नजरेत कळावी. हे लेखन कुणी वाङ्मय म्हणून वाचत नाही. ते चुकले तर मात्र त्या दिवशी हजारो माणसे चुकीच्या फलाटावर जातात. आणि आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला ओव्हरहेड वायर तुटली की जनसंपर्क कार्यालयातला फोन हातातून सुटत नाही. तांत्रिक विभागाला दुरुस्तीला किती वेळ लागेल ते सांगायचे नसते, कारण चुकले तर अंगाशी येते. वार्ताहराला तेवढेच हवे असते. या दोघांच्या मध्ये उभे राहून ‘अर्ध्या तासात’ म्हणायचे की ‘सांगता येत नाही’, याचा निर्णय ज्याला सेकंदात घ्यावा लागतो त्याची रुळांवर काम करणाऱ्या अभियंत्यांशी ओळख आधीपासून असावी लागते. ती त्या सकाळी करून घेता येत नाही.

संकटाच्या वेळचा जनसंपर्क हा या विषयातला सर्वांत गाजलेला भाग. त्यात १९८२ च्या टायलेनॉल प्रकरणाचा उल्लेख जगभर होतो. शिकागो परिसरात गोळ्यांत कुणीतरी सायनाइड मिसळले, सात माणसे गेली, आणि जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत घेतल्या. उदाहरण उत्तम आहे, पण इतके घासून गुळगुळीत झाले आहे की त्यातून आता कुणाला ठेच लागत नाही. आपल्याला जवळचे आणि जास्त शिकवणारे उदाहरण मॅगीचे.

उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत २०१४ मध्ये घेतलेला एक नमुना कोलकात्याच्या प्रयोगशाळेत गेला. २.५ पीपीएमच्या मर्यादेपुढे १७.२ पीपीएम शिसे निघाल्याचा अहवाल आला, शिवाय मोनोसोडियम ग्लुटामेटही (एमएसजी). २०१५ च्या मेमध्ये बातमी देशभर पसरली. नेस्ले इंडियाचा भर आपल्या चाचण्यांवर होता. माल सुरक्षित आहे, पाकिटावर आम्ही ‘ॲडेड एमएसजी’ नाही असे लिहिले आहे, आणि ग्लुटामेट तर काही घटकांत निसर्गतःच असते. रसायनशास्त्राच्या वहीत हे बसते. पण पोराला दोन मिनिटांत खायला घालणाऱ्या आईने पाकिटावरची ओळ ‘यात एमएसजी नाही’ अशीच वाचली होती, आणि आता कंपनी तिला व्याकरण शिकवत होती. ५ जूनला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बंदीचा आदेश काढला. त्याच दिवशी नेस्लेचे जागतिक प्रमुख पॉल बुल्के दिल्लीत पत्रकारांसमोर आले. तोवर लोकांनी पाकिटे कचऱ्यात टाकलेली होती.

१३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. कंपनीला म्हणणे मांडायची पुरेशी संधी मिळाली नव्हती आणि चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळांच्या मान्यतेचाही प्रश्न होता. न्यायालयाने नव्याने चाचण्या घ्यायला लावल्या, त्यांत माल निर्दोष ठरला आणि नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुमारास, मॅगी पुन्हा दुकानांत आली. म्हणजे कायद्यात कंपनी जिंकली. दरम्यान तीस हजार टनांच्या आसपास माल नष्ट झाला होता, एप्रिल ते जून या तिमाहीत सुमारे ६४ कोटींचा तोटा नोंदला गेला होता आणि भारतातला प्रमुख बदलला होता. वकिलाची बाजू आणि जनसंपर्काची बाजू कुठे वेगळी होते, ते या प्रकरणातून समजते. वकील म्हणतो, बोलू नका, बोललेले उद्या न्यायालयात वापरतील. जनसंपर्क अधिकारी म्हणतो, आज बोलला नाहीत तर उद्या न्यायालयाबाहेर काही उरणार नाही. दोघेही खरे असतात. शहाणी संस्था दोघांना एकाच वेळी खोलीत बोलावते. पुष्कळ ठिकाणी मात्र दुसऱ्याला पहिल्याचा निर्णय टाइप करायला बोलावतात.

बोलायचे खरे, पण किती खरे? १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. मुख्यमंत्री शरद पवार यांनी दूरदर्शनवरून बोलताना स्फोटांच्या ठिकाणांत एक जास्तीचे नाव घातले: मशीद बंदर, मुस्लिम वस्तीचा भाग. स्फोट हिंदूबहुल भागांतच झाले असे चित्र पसरले तर शहर पुन्हा पेटेल, म्हणून आपण हे मुद्दाम केले, असे त्यांनी नंतर स्वतः अनेकदा सांगितले आहे. त्याआधीच्या डिसेंबर-जानेवारीतल्या दंगली ज्यांनी पाहिल्या त्यांच्यापैकी अनेकांना ते योग्य वाटते. तरीही हा धडा जनसंपर्काच्या विद्यार्थ्याने गिरवू नये. मुख्यमंत्री अशी जोखीम स्वतःच्या नावावर घेऊ शकतो आणि पुढे तिचे समर्थनही करू शकतो. जनसंपर्क अधिकाऱ्याची पुंजी एवढीच, की त्याने सांगितलेली स्थळे आणि आकडे तपासल्याशिवाय छापता येतात. ती एकदा उधळली की पुढच्या स्फोटाच्या दिवशी त्याच्या खऱ्या आकड्यालाही कुणी विचारत नाही.

उलट, वेळेवर न सांगितल्याने काय होते तेही महाराष्ट्राने पाहिले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवा व्हॉट्सॲपवर त्याआधीच फिरत होत्या. अफवांवर विश्वास ठेवू नका, हे वाक्य अशा वेळी फार दुबळे असते. गावाच्या बाजारात येणारी ही माणसे कोण, त्यांचा फिरतीचा काळ कोणता, शंका आली तर फोन कुठे करायचा, एवढी माहिती स्थानिक बोलीत आधी पोचणे हे जनसंपर्काचेच काम आहे. फक्त त्याला प्रायोजक मिळत नाही.

या क्षेत्राची काळी बाजू लपवून त्याची ओळख करून देणे म्हणजे पुन्हा पीआरच करणे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या वृत्तपत्रांत एकाच नेत्याच्या गौरवाचे मजकूर शब्दशः सारखे, पण बातमी म्हणून छापून आले. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मधून ते उघड केले. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने पुढच्या वर्षी ‘पेड न्यूज’वर सविस्तर अहवाल दिला. बर्नेजच्या युक्तीत निदान वार्ताहर फसला होता. इथे फसवला गेला तो फक्त वाचक. २०१० च्या नोव्हेंबरात ‘ओपन’ आणि ‘आउटलुक’ या साप्ताहिकांनी नीरा राडिया यांच्या दूरध्वनी संभाषणांचे तपशील छापले. टाटा आणि रिलायन्स यांच्यासारखे अशील असलेली त्यांची जनसंपर्क संस्था आणि दिल्लीतले राजकारणी, पत्रकार यांच्यातली ऊठबस त्यात ऐकू आली. पुढच्या वर्षी त्यांनी हा व्यवसाय सोडला. त्यानंतर बरेच दिवस या क्षेत्रातली तरुण मुले आपण काय काम करतो हे नातेवाइकांना सांगताना अडखळत. संपर्क ठेवणे आणि संबंध विकणे यांतली रेघ कायद्याच्या पुस्तकात नीट आखलेली नाही. ती रोज फोन उचलताना आखावी लागते.

केलेल्या कामाचे मोजमाप हा एक विनोदी प्रकार आहे. वर्षानुवर्षे कात्रणावर मोजपट्टी ठेवून चौरस सेंटिमीटर काढायचे, त्याला त्या पानाच्या जाहिरात दराने गुणायचे आणि ‘एवढ्या लाखांची प्रसिद्धी फुकट मिळवून दिली’ असा अहवाल अशिलाला द्यायचा, ही पद्धत चालत आली. बातमी कंपनीची खरडपट्टी काढणारी असली तरी सेंटिमीटर तेवढेच भरतात. २०१० मध्ये बार्सिलोनात या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी, जाहिरातीच्या दरात जनसंपर्काची किंमत मोजता येत नाही, असे तत्त्वच मांडले. मोजपट्टी तरीही पुष्कळ टेबलांवर आहे, कारण महिन्याचे बिल मंजूर करणाऱ्याला आकडा लागतो.

इथे येणारी माणसे तीन वाटांनी येतात. काही पत्रकारितेतून, बहुधा पगाराच्या आणि रात्रपाळीच्या हिशेबाने. काही पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारख्या विभागांतून किंवा मुंबईच्या झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्ससारख्या संस्थांतून शिकून. आणि काही अपघाताने, ‘तुझे मराठी चांगले आहे, तू प्रेसनोट बघ’ म्हणून. तिसऱ्या वाटेने आलेले कमी दर्जाचे असतात असे नाही. सुरुवातीची वर्षे सगळ्यांची सारखीच जातात. याद्या, कात्रणे, फोन, पत्रकार परिषदेत खुर्च्या कमी पडणार नाहीत हे पाहणे, आणि खुर्च्या भरल्या नाहीत तर मागच्या रांगा गुपचूप उचलणे.

पुढे जाताना पगारापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असतो तो बसायच्या जागेचा. १९२७ मध्ये अमेरिकेतल्या एटीअँडटी या दूरध्वनी कंपनीने आर्थर पेज यांना बोलावले, तेव्हा नुसता प्रसिद्धीचा माणूस म्हणून येणार नाही, धोरण ठरते तिथे स्थान असेल तर येतो, असे त्यांनी आधीच सांगितले आणि उपाध्यक्षपद घेतले. आपल्याकडे कित्येक संस्थांत जनसंपर्क विपणनाच्या पोटात असतो, काही ठिकाणी मनुष्यबळ विभागाच्या, आणि काही नगरपालिकांत तो एखाद्या लिपिकाकडे दिलेला जादा कार्यभार असतो. अशा ठिकाणी निर्णय झाल्यावर कागद येतो आणि खाली लिहिलेले असते: खुलासा द्यावा.

अलीकडे या जागेच्या प्रश्नात कायद्याने हात घातला आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या संचालक मंडळाने काही महत्त्वाचे ठरवले तर बैठक संपल्यापासून ३० मिनिटांच्या आत बाजाराला कळवावे, असा सेबीचा नियम २०२३ मध्ये आला; बाजाराची वेळ संपल्यावर संपणाऱ्या बैठकांसाठी २०२४ च्या डिसेंबरात ही मुदत तीन तासांची झाली. १ जून २०२४ पासून बाजारमूल्यातल्या पहिल्या १०० आणि १ डिसेंबर २०२४ पासून पहिल्या २५० कंपन्यांना आणखी एक बंधन आले. मुख्य प्रवाहातल्या माध्यमांत कंपनीबद्दल अफवा आली आणि त्याने शेअरचा भाव लक्षणीय हलला, तर २४ तासांत ती खरी, खोटी किंवा अर्धवट असल्याचे सांगावे लागते. अफवा कुठे छापून आली हे सगळ्यात आधी कात्रणे पाहणाऱ्याला कळते. खरे काय ते कंपनी सचिवाला ठाऊक असते. काय बोलता येईल ते कायदा विभाग सांगतो. घड्याळ भाव हलल्यापासून चालू झालेले असते, त्यामुळे निर्णय झाल्यावर कागद पाठवण्याची जुनी सोय या कंपन्यांना आता परवडत नाही, आणि सकाळची कात्रणे चाळणाऱ्या माणसाचा फोन वरच्या मजल्यावर पहिल्या रिंगला उचलला जाऊ लागला आहे.